दोन लांडग्यांपैकी आधी कुठला?

चंगीझखानावरची एखादी चांगली कादंबरी सांगा, असं गेल्या वर्षभरात मला तिघांनी विचारलं. तिन्ही वेळा मी अडखळलो, कारण दोन नावं एकदम ओठांवर येतात आणि दोन्हींत लांडगा आहे. एक कॉन इगुल्डन या इंग्रज लेखकाची 'वुल्फ ऑफ द प्लेन्स'. ती २००७ साली आली, पाच भागांच्या मालिकेतला हा पहिला भाग. दुसरी यासुशी इनोउए या जपानी लेखकाची 'द ब्लू वुल्फ'. मूळ जपानी कादंबरी १९५९-६० मध्ये मासिकातून क्रमशः आली आणि जोशुआ फोगेल यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर २००८ साली निघालं. दोन्ही मी पदरचे पैसे घालून घेतल्या आणि शेवटपर्यंत वाचल्या, एक तर दोनदा. आता चौथ्यांदा भाच्यानं विचारलं, तेव्हा नीट बसून लिहून काढावं असं ठरवलं.

तेमुजिन म्हणजेच पुढचा चंगीझखान, १२०६ मध्ये ओनोन नदीच्या उगमाशी भरलेल्या कुरुलताईत, म्हणजे टोळ्यांच्या मोठ्या सभेत, त्याला ती पदवी मिळाली, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. 'खान' ऐकलं की आपल्या डोळ्यांसमोर अफझलखान येतो, ती सवय मात्र आधी सोडावी लागते. हा शब्द गवताळ मुलखातल्या टोळीप्रमुखांचा आहे आणि तेमुजिनची माणसं निळ्या आभाळाला, तेंग्रीला मानणारी होती. दोन्ही कादंबऱ्या हे बरोबर पाळतात.

इगुल्डन मी आधी वाचला. तेव्हा माझी सोलापूरला बदली झाली होती, घरचे पुण्यातच होते आणि मी खोलीवर एकटा. मे महिना होता. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर भिंत गरम लागायची, आणि पुस्तकात मात्र पानोपानी थंडी. लहानगा तेमुजिन कड्यावरच्या घरट्यातून गरुडाची पिल्लं आणायला चढतो, तो प्रसंग वाचताना मी खाटेवर पाय आखडून बसलो होतो, हे अजून आठवतं. उंचीची भीती मला लहानपणापासून आहे. कागदावरच्या कड्यानं तळपायाला घाम आणला, तो याच पुस्तकात.

ही इगुल्डनची खरी ताकद आहे आणि ती कमी लेखायचं कारण नाही. शरीराला काय काय होतं ते त्याला नेमकं सांगता येतं. भूक, गारठा, दिवसभर घोड्यावर बसून आंबलेल्या मांड्या, शिंग-लाकूड-स्नायू जोडून केलेलं धनुष्य ताठ ओढताना खांद्यात उठणारी कळ. तेमुजिनचा बाप येसुगेई मारला जातो आणि त्याचीच टोळी त्याच्या विधवेला व पोरांना उघड्या माळावर टाकून निघून जाते, तिथून पुढची शंभरेक पानं मी एका बैठकीत संपवली. सकाळी सातला कामावर जायचं होतं, तरीही. भावाभावांतली चुरस, आईनं घास मोजून वाढणं, थोरल्याची दादागिरी हे सगळं कुठल्याही मोठ्या कुटुंबात वाढलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. लेखक आधी शाळेत इंग्रजी शिकवायचा. पोरांचं लक्ष कसं धरून ठेवायचं ते त्याला कळतं.

इनोउए त्याच्या अगदी उलट. पहिल्या पन्नास पानांत मला दोनदा डुलकी लागली होती. टोळ्यांची नावं, त्यांच्या शाखा, कोण कुणाचा काका, कोण कुणाचा मांडलिक. वहीचं एक पान नावांसाठी राखून ठेवावं लागलं. लढाया येतात आणि चार ओळींत संपतात. ज्या युद्धाला इगुल्डन तीस पानं देईल, तिथं इनोउए सांगतो की अमुक ऋतूत सैन्य निघालं, तमुक नदी ओलांडली, शत्रू मोडला, परतायला वेळ लागला. संवाद कमी. लेखक कायम थोड्या अंतरावर उभा राहून बोलतो, जुन्या बखरकारासारखा. भाषांतर करणारे इतिहासाचे अभ्यासक आहेत, त्यामुळे इंग्रजी स्वच्छ पण कोरडं झालं आहे असं मला वाटलं. जपानीत ते कसं वाचलं जात असेल ते जाणणाऱ्यांनी सांगावं.

एवढ्यावर कुणी विचारलं असतं, तर मी डोळे झाकून इगुल्डन सांगितलं असतं. पहिलं पुस्तक संपताना मात्र एक गोष्ट घडली, आणि त्यानंतर माझा तराजू कायमचा एका बाजूला झुकला.

माझी इगुल्डनची प्रत जुनी, फुटपाथवरच्या पुस्तकवाल्याकडून घेतलेली. पानं पिवळी, कणा दोन ठिकाणी मोडलेला. मी वाचत गेलो आणि मनात कुठंतरी वाट बघत राहिलो की जमुखा आता येईल. बालपण गेलं, टोळीनं टाकून दिलेले दिवस गेले, बायको बोर्ते आली, मदतीला येणारा तोघरुल आला. जमुखाचा पत्ता नाही. शेवटची पन्नास पानं राहिली तेव्हा मला खात्रीच झाली की माझ्या प्रतीतला एक फर्मा गळला आहे. जुन्या पुस्तकांत असं होतं; बांधणी सुटली की सोळा पानांचा गठ्ठा निघून जातो आणि पुस्तकवाला काही सांगत नाही. रात्री साडेबाराला मी दिवा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आकडे तपासत बसलो. एकही पान कमी नव्हतं. जमुखाच नव्हता.

ज्यांना हा माणूस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं थांबतो, कारण माझा सगळा निर्णय इथंच ठरला.

तेमुजिनबद्दल जे काही आतल्या माणसांनी लिहून ठेवलं, ते 'मंगोलांचा गुप्त इतिहास' या एका ग्रंथात आहे. तेराव्या शतकात, चंगीझखानाच्या मृत्यूनंतर तो मंगोल भाषेत लिहिला गेला आणि पुढे चिनी अक्षरांत उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे वाचला. त्यात पहिल्याच ओळीत निळसर लांडगा आणि हरिणी येतात, मंगोलांचे मूळपुरुष. तेमुजिनचा जन्म सांगताना ग्रंथ म्हणतो की त्याच्या उजव्या मुठीत घोट्याच्या हाडाएवढी रक्ताची गुठळी होती. घोट्याचं हाड, म्हणजे मंगोल ज्याला शगाई म्हणतात ते. शेळ्या-मेंढ्यांच्या मागच्या पायातलं हे छोटं हाड घेऊन तिथली पोरं खेळतात, आपल्याकडच्या मुली सागरगोटे खेळतात तसं. त्याच्या चार बाजूंना चार नावं आहेत: घोडा, उंट, मेंढी, शेळी.

हे वाचल्यावर मी सोलापूरच्या आमच्या मटणवाल्याला बोकडाच्या घोट्याची हाडं मागितली. त्यानं आधी सूपासाठी का म्हणून विचारलं, मग चार काढून कागदात बांधून दिली. दोनदा उकळून, चाकूनं खरवडून, उन्हात वाळवली. अंगठ्याच्या पेराएवढं हाड, एका बाजूला खोलगट, एका बाजूला फुगीर. फेकलं की खरंच चार तऱ्हांनी पडतं. घोडा पडावा म्हणून मी बराच वेळ फेकत बसलो होतो. फार क्वचित पडतो.

तर अकरा वर्षांचा तेमुजिन आणि त्याच वयाचा जमुखा गोठलेल्या ओनोनच्या बर्फावर ही हाडं घेऊन खेळले. जमुखानं त्याला हरणाच्या घोट्याचं हाड दिलं, तेमुजिननं तांबं ओतलेलं हाड दिलं, आणि दोघं अंद झाले. अंद म्हणजे शपथेचा भाऊ. पुढच्या वसंतात लाकडी धनुष्यांनी खेळताना जमुखानं वासराच्या शिंगांपासून केलेला, भोकं पाडलेला, उडताना शीळ घालणारा बाण दिला आणि तेमुजिननं देवदारासारख्या झाडाच्या लाकडाचं टोक असलेला. दुसऱ्यांदा अंद. मग मेर्किट टोळीनं बोर्तेला पळवून नेलं, तेव्हा केराइट टोळीचा प्रमुख तोघरुल आणि जमुखा या दोघांच्या फौजा घेऊन तेमुजिननं तिला सोडवलं. त्या विजयानंतर दोघांनी लुटीतले सोन्याचे कमरपट्टे एकमेकांच्या कमरेला बांधले, घोडे बदलले, आणि ग्रंथ म्हणतो की रात्री एकाच पांघरुणाखाली झोपले. असे ते दीड वर्ष एकत्र राहिले.

मग एके दिवशी तळ हलवताना गाड्यांच्या पुढं चालता चालता जमुखा म्हणाला, डोंगराशी मुक्काम केला तर घोडे राखणाऱ्यांना निवारा मिळेल, ओढ्याशी केला तर मेंढरं राखणाऱ्यांच्या पोटाची सोय होईल. बस, एवढंच. तेमुजिनला अर्थ लागला नाही. तो मागं येऊन आईला विचारू लागला, आणि होएलुन काही बोलायच्या आत बोर्ते म्हणाली की जमुखाला आपला कंटाळा आला आहे, आज थांबू नका, रातोरात पुढं निघू. ते थांबले नाहीत. जमुखाला नक्की काय म्हणायचं होतं यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. त्या रात्री दोन रस्ते झाले, आणि पुढची वीसेक वर्षं गवताळ मुलखाचं राजकारण या दोन रस्त्यांमधलं होतं. दालान बालजुतला तेमुजिनशी झालेल्या लढाईनंतर जमुखानं कैद्यांना सत्तर कढयांत उकळलं असं ग्रंथ सांगतो. १२०१ मध्ये त्याला गुरखान, म्हणजे सगळ्या टोळ्यांचा खान, म्हणून निवडलं गेलं. त्याच्या बाजूची नायमान टोळी मोडल्यावर त्याची उरलेली पाच माणसं डोंगरात रानमेंढा भाजून खात बसली होती, त्यांनीच त्याला बांधून तेमुजिनसमोर आणलं. तेमुजिननं आधी त्या पाचांना मारलं, कारण धन्याला धरून देणाऱ्याला जगू द्यायचं नाही हा त्याचा नेम. मग जमुखाला म्हणाला, ये, पुन्हा एकत्र राहू. जमुखानं नकार दिला. मी तुझ्या गळपट्टीतली ऊ होईन, अंगरख्याच्या आतला काटा होईन, मला रक्त न सांडता मरू दे.

हा माणूस वगळून तेमुजिनची गोष्ट सांगणं म्हणजे कर्ण वगळून अर्जुनाची गोष्ट सांगणं. बाण लागतील, रथ धावतील, कुरुक्षेत्रावर धूळ उडेल, पण अर्जुन कुणाच्या मापानं मोजायचा? इगुल्डननं ती जागा येलुक नावाच्या एका काल्पनिक माणसानं भरली आहे. येसुगेईचा हा विश्वासू सरदार धनी मेल्यावर टोळी बळकावतो. तो चांगला उभा केला आहे, राग येतो त्याचा. पण राग येणं सोपं असतं. जमुखाचा राग येत नाही, त्याच्याबद्दल वाईट वाटतं, आणि त्या वाईट वाटण्यातून तेमुजिनबद्दल भीती वाटायला लागते. तेमुजिनच्या वाट्याला आलेला सगळ्यात मोठा शत्रू त्याच्याच पांघरुणाखाली झोपलेला होता, ही गोष्ट काढून टाकल्यावर उरतो तो एक शूर, अन्याय झालेला, सूड घेणारा मुलगा. असे मुलगे इतर कादंबऱ्यांत पुष्कळ भेटतात.

आणखीही बदल आहेत. बेग्तेर हा तेमुजिनचा सावत्र भाऊ. इथं तो सख्खा केला आहे आणि त्याचा धाकटा भाऊ बेलगुतेई नाहीसा झाला आहे. बोर्तेला मेर्किटांऐवजी तातार नेतात. हे मी एकवेळ चालवून घेतलं असतं. कादंबरीकाराला पात्रं आवरावी लागतात, आणि मंगोलांच्या नावांच्या जंगलात तर नक्कीच. पण मेर्किट गेले की त्यांच्याबरोबर एक फार जुनं वैर जातं. येसुगेईनं होएलुनला मेर्किटांच्याच एका नवऱ्या मुलाकडून पळवून आणलं होतं, आणि वीस वर्षांनी मेर्किटांनी त्या मुलाच्या अपमानाची फेड म्हणून येसुगेईच्या सुनेला नेलं. उधारी चुकती झाली. ते कर्ज कुठून आलं हे कळल्याशिवाय बोर्तेचं अपहरण फक्त एक छापा राहतो.

इनोउएची कादंबरी उभीच या कर्जावर आहे. होएलुनला पळवून आणलं, आणि मग तेमुजिन झाला. मग तो येसुगेईचा की त्या मेर्किटाचा? तेमुजिनच्या रक्तात निळा लांडगा आहे की नाही? हा प्रश्न त्या मुलाला आतून पोखरतो. मग बोर्तेला मेर्किट नेतात, ती परत येते आणि जोची जन्मतो. जोची म्हणजे पाहुणा. आता तोच प्रश्न बापाच्या डोळ्यांसमोर पाळण्यात झोपलेला आहे. इनोउएचं म्हणणं असं की चंगीझखान आयुष्यभर पुढं पुढं जात राहिला तो स्वतःला लांडगा म्हणून सिद्ध करायला. चीनची भिंत, समरकंद, सिंधू, सगळं त्यासाठी. लांडग्याला शत्रू लागतोच, आणि शत्रू संपला की लांडगा उरत नाही.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हेही इतिहासात असं लिहिलेलं नाही. जोचीच्या जन्माचा संशय मूळ ग्रंथात आहे. जोचीचा धाकटा भाऊ चगताई भर दरबारात त्याला मेर्किटाची अवलाद म्हणतो आणि दोघं गळपट्टीला धरतात. तेमुजिनला स्वतःच्या जन्माबद्दल शंका होती, आणि त्या शंकेनं त्याला अर्धं जग जिंकायला लावलं, ही जोड इनोउएची. जपानमध्ये यावरून मोठा वाद झाला होता. फिलिपीन्समध्ये अमेरिकेचा युद्धकैदी राहिलेला कादंबरीकार ओओका शोहेई यानं १९६१ च्या जानेवारीत 'गुंझो' मासिकात सरळ प्रश्न विचारला की ही ऐतिहासिक कादंबरी आहे का, आणि मूळ साधनांशी इनोउएनं कसा मोकळेपणा घेतला ते दाखवलं. इनोउएनं उत्तर दिलं. त्याला त्या अथांग विजयलालसेचं मूळ शोधायचं होतं. हा वाद मराठी वाचकाला परका वाटू नये. 'श्रीमान योगी'च्या सुरुवातीला नरहर कुरुंदकरांचं ते दीर्घ विवेचन ज्यांनी वाचलं आहे, त्यांना कादंबरीकारानं इतिहासाला किती हात लावावा ही चर्चा चांगली परिचयाची आहे.

ओओकाचा मुद्दा मला पटतो, आणि तरीही माझी पसंती बदलत नाही. भर घालणं वेगळं आणि माणूस उचलून बाहेर ठेवणं वेगळं. इनोउए भर घालतो, पण जमुखा त्याच्याकडे आहे, मेर्किट आहेत, सोरखान-शिरा आहे. हा सोरखान-शिरा म्हणजे कैदेतून पळालेल्या तेमुजिनला लोकरीच्या गाडीत लपवणारा. शोधणारे गाडीतली लोकर उपसायला लागतात तेव्हा तो म्हणतो, या उन्हात लोकरीखाली माणूस जिवंत राहील का? एका वाक्यावर एक साम्राज्य तरलं. इगुल्डन या ठिकाणी तेमुजिनला खड्ड्यात टाकतो, आणि तो प्रसंग अंगावर येतो हे मान्य. पण लोकरीच्या गाडीतल्या त्या उकाड्याची मला चुकचुक लागून राहिली. सोलापूरच्या मे महिन्यात तर फारच.

कुणाला माझं हे अति वाटेल. गुप्त इतिहास आधी वाचलेला नसेल, तर जमुखा नाही हे तुमच्या लक्षातही येणार नाही आणि इगुल्डन तुम्हाला पुरेपूर आनंद देईल. माझ्या एका मित्रानं पाचही भाग लागोपाठ संपवले, त्याची काहीही तक्रार नाही. त्याचं म्हणणं, मला लढाई दिसायला हवी आणि इथं दिसते. खरं आहे. दुसऱ्या भागातला चीनमधला येनकिंगचा, म्हणजे आजच्या बीजिंगचा, वेढा आणि तिसऱ्या भागातली मध्य आशियातल्या ख्वारझम राज्यावरची मोहीम डोळ्यांसमोर उभी राहते. तिसरा भाग आपल्याला आणखी एका कारणानं जवळचा वाटावा. ख्वारझमच्या शहाचा मुलगा जलालुद्दीन १२२१ मध्ये सिंधूच्या काठावर हरला आणि घोड्यासकट नदीत उडी घेऊन पलीकडे गेला. दिल्लीच्या इल्तुतमिशनं त्याला आश्रय दिला नाही. चंगीझखान भारताच्या उंबऱ्यापर्यंत येऊन परत फिरला, तो हाच प्रसंग. शिवाय मालिका पुढं मुलगा ओगदेई, सेनापती सुबुताईची युरोपची स्वारी आणि नातू कुबलाईपर्यंत जाते. एकदा त्या जगात शिरल्यावर बाहेर यावंसं वाटत नाही अशा वाचकाला पाच भाग ही चैन आहे. इनोउए एकाच भागात जन्मापासून १२२७ पर्यंत येऊन थांबतो.

स्त्रियांच्या बाबतीत दोघांना समान मार्क द्यावेसे वाटतात. इगुल्डनची होएलुन मला जास्त आवडली. तिचा धीर आणि तिचा कठोरपणा दोन्ही दिसतात. इनोउएकडे खुलान आहे, मेर्किट टोळीतलीच ती सुंदर स्त्री. इतिहासातही पश्चिमेच्या मोहिमेवर चंगीझखानानं बोर्तेला घरी ठेवून तिला बरोबर नेलं होतं. ज्या मेर्किट रक्ताचा त्याला धसका, त्याच रक्ताची बाई त्याच्या तंबूत. इनोउए हे ओरडून सांगत नाही. तुम्हीच दोन पानांनंतर थबकता.

वासिली यानबद्दलही एक शब्द, कारण कुणीतरी नक्की विचारेल. यानची 'चंगीझखान' ही रशियन कादंबरी १९३९ ची. १९४२ मध्ये तिला स्तालिन पारितोषिक मिळालं. तिच्यात तेमुजिनच्या उदयाऐवजी ख्वारझमचा पाडाव आहे, शहाच्या दरबारापासून दर्वेश हाजी रहीमपर्यंत, आणि पुढं रशियातली १२२३ ची कालका नदीवरची लढाईही आहे. टापा आपल्या दिशेनं येताहेत अशा बाजूनं वाचायचं असेल तर ती घ्या. पण चंगीझखान कसा घडला हा तुमचा प्रश्न असेल तर तिच्यात उत्तर नाही, म्हणून मी तिला या निवडीत धरलं नाही.

मिळण्याचं म्हणाल तर इगुल्डन जुन्या पुस्तकांत सहज सापडतो. इनोउए मला मागवावा लागला आणि तीन आठवडे वाट बघावी लागली. महागही पडला. वाचायला बसताना नावांची वही जवळ ठेवा, आणि पहिली पन्नास पानं नेटानं काढा. मेर्किटांचा छापा आला की वही बाजूला पडेल. पहिल्या वाचनात मी इनोउएला मनात कंटाळवाणा म्हटलं होतं. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा तो कोरडेपणाच मला भिडला. माणूस मेल्याचं एका ओळीत सांगून लेखक पुढं जातो, आणि त्या ओळीनंतरचा अर्धा दिवस आपलं मन जाग्यावर नसतं. इगुल्डनमधली लढाई संपली की मी पुढचं प्रकरण उघडायचो. इनोउएमधली लढाई संपली की पुस्तक मिटून गच्चीवर जायचो.

जोचीचं मरण हे याचं उदाहरण. रशिदुद्दीन या फारसी इतिहासकारानं लिहिलं आहे की जोची आजारी आहे म्हणून बोलावणं टाळत होता, आणि कुणीतरी चंगीझखानाला सांगितलं की तो ठणठणीत आहे, शिकार करतोय. बाप चिडून मुलावर चालून जाण्याच्या तयारीत होता, तेवढ्यात जोची गेल्याची बातमी आली. तो आजारीच होता. खोटं सांगणाऱ्या माणसाचा शोध घेतला, तो सापडला नाही. आता हा प्रसंग घ्या आणि त्याच्या मागं इनोउएनं तीस-चाळीस वर्षं ताणत आणलेली ती शंका ठेवा: बापही पाहुणा आहे का, मुलगाही पाहुणा आहे का. ज्या मुलाला आपण आयुष्यभर दूरच्या मोहिमांवर धाडत राहिलो, तोच एकटा आपल्यासारखा होता, हे त्या म्हाताऱ्याला कुठल्या क्षणी कळतं ते मी इथं सांगत नाही. इगुल्डनमध्येही जोची आहे, आणि बाप-लेकाचा ताण त्यानं जोरात लिहिला आहे. पण तिथं मला राग आला होता. इथं सोलापूरच्या त्या गच्चीवर बराच वेळ खाली यावंसं वाटलं नाही.

भाच्याला इनोउए पाठवतो आहे. इगुल्डनही देईन, त्याची परीक्षा संपल्यावर. तांबं ओतलेलं हाड सोबत घालावं म्हणून मी पुण्यात आल्यावर तांबट आळीत एका कारागिराला विचारूनही आलो. त्यांनी ते हाड हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, आम्ही तांबं ठोकतो, ओतत नाही, आणि ओतलं तर हे जळून जाईल. त्यामुळे पुस्तकासोबत साधंच एक हाड पाठवतो आहे, त्यातल्या त्यात गुळगुळीत. त्यानं बदल्यात काय द्यायचं ते वाचून झाल्यावर त्याचं त्यानं ठरवावं.